जुन्या मिलिटरी डॉजला नवे पार्ट लावायचे तर आधी ब्रेक पाहा

भाऊ, दुसऱ्या महायुद्धातली डॉज डब्ल्यूसी, ती पाऊण टनवाली, रस्त्यावर आणायची असेल तर इंजिनाच्या नादी नंतर लागा. 92 हॉर्सपॉवरचं फ्लॅटहेड (जुन्या पद्धतीचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं) इंजिन आहे, जपून चालवलं तर अजूनही ओढते. खरी भानगड ब्रेकची, सर्किट एकच, कुठंही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले, आणि नागपूरच्या वर्धा रोडवर आज कोण थांबून राहिलं तुमच्यासाठी.

म्हणून पहिले टँडम मास्टर सिलेंडर टाका, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा सिलेंडर, पण दोन खाने वेगळे, एक गेला तरी दुसरा धरते. बोर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, शक्यतो जुन्याच मापाचा घ्या. 1 इंचाच्या जागी 7/8 घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ 23 टक्के घटते, पाय हलका पडते पण पेडल जास्त खाली जाते. सिलेंडर फ्लोअरखाली आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणून दोन्ही लाइनला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा) पाहिजेच. डिस्कवाल्या गाडीचा सिलेंडर आणला असेल तर डिस्कच्या पोर्टला तो नसते, वेगळा लावा.

आता आट्यांचं. ब्रेक पाइपचे जुने नट 3/8 इंच, इंचाला 24 आट्यांचे, नवे बहुतेक एम10 बाय 1, म्हणजे 10 मिलिमीटरचे. जुना नट नव्या भोकात ढिला ढिला जाते अन् कसल्यासारखाही वाटते, पण पूर्ण ताकदीनं ब्रेक मारला की आटे सुटतात. फिटर म्हणेल "बसते साहेब", ऐकू नका, आटे मोजायचा थ्रेड गेज लावा, फ्लेअरचा, म्हणजे पाइपच्या पसरवलेल्या तोंडाचा, आकारही जुळवून पाहा.

नव्या सिलेंडरचं ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करायचं नाही. हिंगणा एमआयडीसीत जाड प्लेट कापून घ्या अन् जुन्याच भोकांत बोल्ट मारा. 2021 च्या मोटार वाहन नियमांत 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते पण चेसिस, बॉडी, इंजिनात बदल केलेला चालत नाही, म्हणून जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे, अन् काढलेले पार्ट भंगारात देऊ नका.

पेडलपासून सिलेंडरला जोर देणाऱ्या दांड्याला, म्हणजे पुशरॉडला, मिलिमीटरभर ढिल ठेवा, नाही तर ऑइल परत येत नाही अन् लायनर तापतात. हवा काढल्यावर जॅक लावून ब्रेक दाबा, सोडा, चाक हातानं मोकळं फिरलं पाहिजे.

वायरिंग बहुतेक 6 व्होल्टचं, 12 करायचं तर बल्ब, कॉइल सगळं बदला, मीटरला व्होल्टेज कमी करणारा रिड्यूसर लावा. आधी अर्थ, म्हणजे चेसिसला जोडलेली बॅटरीची बाजू, प्लस आहे की मायनस ते पाहा, उलटं जोडलं तर नव्या अल्टरनेटरचे डायोड लगेच जळतात. सेल्फ बहुतेक वेळा जुनाच चालते, फक्त दाबून धरू नका. अल्टरनेटरचा सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या अँमीटरमधून (करंट दाखवणाऱ्या मीटरमधून) नेऊ नका बाप्पा, तापून डॅशच पेटेल. जाड वायर फ्यूज लावून सरळ बॅटरीला, अन् व्होल्टमीटर लावा.

मे महिन्यात 45 डिग्रीत पेट्रोलची लाइन सायलेन्सरजवळून गेली की वाफ धरते अन् गाडी सिग्नलवरच बसते. लाइन लांबून फिरवा, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाका, पण कार्बोरेटरवाला, 3-4 पीएसआयचा, इंजेक्शनच्या गाडीचा लावला तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई धरतच नाही, सगळं पेट्रोल बाहेर. रबरी होज इथेनॉल सहन करणाऱ्याच घ्या. अन् पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, इंजिन बंद पडलं की पंपही बंद.