बेटमनच्या पद्धतीने सामाजिक अर्कचित्र कसे रेखाटावे

ओळखीच्या पुढाऱ्याचे अर्कचित्र नाकाडोळ्यांवर निभावून नेता येते. परंतु क्लबातील सभासद, निवृत्त कर्नल किंवा हॉटेलातील वेटर असा अख्खा नमुना उभा करायचा असेल, तर सुरुवात चेहऱ्यापासून न करता त्या मंडळींनी मुकाट्याने पाळलेल्या एखाद्या संकेतापासून करावी. हेन्री मेयो बेटमन (१८८७–१९७०) या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या, पण इंग्लंडात वाढलेल्या व्यंगचित्रकाराची कीर्ती याच युक्तीवर उभी आहे.

संकेत जितका क्षुल्लक, तितका उत्तम. औपचारिक इंग्रजी मेजवानीत राजाच्या नावाने पेला उंचावण्यापूर्वी धूम्रपान करायचे नसते. बेटमनचा पाहुणा नेमका त्याआधी सिगार पेटवतो. ‘टॅटलर’ या इंग्रजी नियतकालिकातील १९२२ च्या गाजलेल्या चित्रात गार्ड पलटणीतल्या शिपायाच्या हातून कवायतीत बंदूक पडते. अपराध एवढाच.

खरी मेहनत घ्यावी लागते ती भोवतालच्या मंडळींवर, आणि नवशिके नेमके तेथेच आळस करतात. अपराधी लहान व एकाकी ठेवून बाकीचे सगळे सारखेच डोळे वटारताना दाखवले, तर ती नुसती गर्दी होते. माणूस कसा हादरतो यावरून त्याचा दर्जा कळला पाहिजे: कर्नल फुगून लाल होईल, नोकराला मात्र संतापण्याची मुभा नसल्यामुळे तो ताठ होऊन थिजेल. माणूस दिसतो तसा नव्हे, तर त्याला वाटते तसा रेखाटण्याचा मार्ग बेटमनने पहिल्या महायुद्धापूर्वीच धरला होता. म्हणून कच्च्या रेखाटनात आधी कण्याचा बाक ठरवावा, मग हातपाय फेकावेत. चेहरा, मिशा आणि कपडे शेवटी.

हे साधल्यावर शब्दांविना चित्रमालिका करून पाहावी. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकात १९१६ साली आलेल्या त्याच्या मालिकेत ब्रिटिश म्युझियममधील काचेवर श्वास सोडणारा मुलगा पकडला जातो, खटला चालतो, सक्तमजुरीत म्हातारा होतो, आणि सुटल्यावर पुन्हा त्याच काचेवर श्वास सोडून मरतो. प्रत्येक चौकटीत शिक्षा एक पायरी चढवावी, परंतु न्यायाधीश आणि पहारेकरी मात्र पूर्ण गंभीर ठेवावेत. त्यांच्यापैकी एकाच्याही ओठांवर हसू आले, की विनोद तेथेच संपतो.