इंडेक्स फाइलमध्ये नवी की घालताना

बी-ट्री म्हणजे कीज (ज्यांवरून रेकॉर्ड शोधायचा त्या किमती) क्रमाने नोड नावाच्या गठ्ठ्यांत ठेवणारं झाड. फळ्यावर काढायला सोपं. सी भाषेत फाइलवर उतरवायचं म्हटलं तर बाइट मोजावे लागतात. माझं पेज 4096 बाइटचं, एका पेजमध्ये एक नोड. की 20 बाइटची, रेकॉर्डचा पत्ता 8 बाइटचा. दोघांचा मिळून एक स्ट्रक्ट करायचा मोह होतो. टाळा. तो 28 चा होईल असं वाटतं, पण 64-बिटवर कंपायलर 4 बाइट पॅडिंग (रिकामी भर) घालून 32 करतो आणि पेजमध्ये 102 कीजच मावतात. त्याऐवजी 8 बाइटचं हेडर आणि पुढे कीज, पत्ते व चाइल्ड (खालच्या) पेजचे 8-8 बाइटचे नंबर असे तीन ॲरे ठेवा, 113 बसतात. पूर्ण नोडच्या स्ट्रक्टचा साइझऑफ छापून बघा, 4088 यायला हवं.

फाइल ‘आर प्लस बी’ (वाचा आणि लिहा) मोडने उघडा. ‘डब्ल्यू’ने जुना इंडेक्स गेलाच म्हणून समजा, ‘ए’ने एफसीक (फाइलमधली जागा बदलणं) कुठेही करा, लिहिलेलं शेवटीच जाऊन पडतं.

आता रूटपासून (सगळ्यात वरच्या नोडपासून) खाली उतरा. पुढचं पेज भरलेलं दिसलं तर आत शिरण्याआधीच फोडा: 56 कीज जागेवर, 57वी पेरेंटमध्ये (वरच्या नोडमध्ये), उरलेल्या 56 नव्या पेजवर. मग लीफला (तळाच्या नोडला) पोचेपर्यंत जागा झालेली असते, परत वर चढायची भानगड नाही. रूटच भरला असेल तर वर रिकामा रूट करा, जुना त्याचा पहिला चाइल्ड, आणि मग फोडा. फाइलच्या हेडरमधला रूटचा नंबर बदलायला विसरू नका! कीज सरकवायला मेममूव्हच वापरा. जुनी-नवी जागा एकमेकींवर येते, तिथे मेमकॉपीचा भरवसा नाही.

लिहिण्याचा क्रमही ठरलेला: आधी नवं उजवं पेज, मग पेरेंट, शेवटी छाटलेलं डावं. प्रत्येक पायरीनंतर एफफ्लश आणि एफसिंक, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचतं. मध्येच वीज गेली तर डाव्या पेजमध्ये काही कीज दुबार राहतील, पण हरवणार एकही नाही. एफसिंकमुळे वेग मार खातो, तो मी खुशाल खाऊ देतो.

कीजची तुलना मेमकम्पने (बाइट-बाइट) करत असाल तर की भरण्याआधी मेमसेटने शून्यं भरा, नाहीतर शेपटीतल्या कचऱ्यामुळे तीच की दोनदा वेगळी दिसते. पूर्णांक की असेल तर मोठा बाइट आधी ठेवा. इंटेल मशीनवर तो जसाच्या तसा कॉपी केला तर 256 हा 1 च्या आधी लागतो.

चाचणीला उतरत्या क्रमाने हजारभर कीज घाला आणि पूर्ण ट्री क्रमाने छापा. सरकवण्यातली चूक तिथे लगेच सापडते.