घरी ५.१ म्युझिक रिप आणि स्ट्रीम करताय? या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत भाची घरी आली होती. हॉलमधे मागच्या डाव्या स्पीकरला टेकून ती पुस्तक वाचत बसलेली, आणि मी नुकतंच रिप केलेलं (डिस्कवरून फाइलमधे उतरवलेलं) एक कोरल रेकॉर्डिंग लावलं होतं ज्यात अर्धा कोरस मागून गातो. दहा मिनिटांनी म्हणाली, "मामा, हा स्पीकर बंद आहे का? यातून काहीच येत नाहीये." उठून कान लावला, खरंच काही नाही. रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या अँपच्या) डिस्प्लेवर बघितलं तर पीसीएम २.०, साधा न दाबलेला डिजिटल आवाज, दोनच चॅनल. म्हणजे जवळपास तीन महिने मी सहा चॅनलच्या (५.१, पाच स्पीकर आणि एक सबवूफर) फाइल्स दोन चॅनलमधे ऐकत होतो. रिप बरोबर होता, फाइल बरोबर होती, प्लेयरमधलं एक सेटिंग मी बदललंच नव्हतं.

मल्टिचॅनलचा हा सगळ्यात मोठा त्रास आहे. काहीतरी बिघडलं तरी गाणं थांबत नाही, एरर येत नाही, मधली कुठलीतरी वस्तू सहाचे दोन करून टाकते आणि आवाज तरीही छानच लागतो, त्यामुळे आपण निवांत असतो. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, कानावर विसंबू नका, डिस्कपासून स्पीकरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर आकडे डोळ्यांनी बघा. खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात.

एसएसीडी: पीसीच्या ड्राइव्हमधून काढायचा प्रयत्न

एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, सुरुवात तिथूनच होते. हायब्रिड डिस्क (जिच्यात साध्या सीडीची लेयरही असते) पीसीत घातली की गाणी दिसतात, रिप पण होतात, आणि लोकांना वाटतं झालं काम. पण ती सीडीची लेयर असते, १६ बिट ४४.१, दोन चॅनल. एसएसीडीची खरी लेयर कॉम्प्युटरचा कुठलाही साधा ड्राइव्ह वाचू शकत नाही, ब्लू-रे रायटर असला तरी नाही. १९९९ मधे सोनी आणि फिलिप्सनी हा फॉरमॅट आणला तेव्हाच तो पीसीपासून लांब ठेवला होता. मग मार्ग दोनच, एक तर जुन्या फर्मवेअरवरचा सुरुवातीच्या मॉडेलचा प्लेस्टेशन ३, नाहीतर ठराविक चिपचे जुने ब्लू-रे प्लेयर, उदाहरणार्थ ऑप्पोचे बीडीपी-१०३ आणि १०५. ऑप्पोनी २०१८ मधे प्लेयर बनवणं थांबवलं, त्यामुळे आता सेकंडहँडच शोधावा लागतो, घेताना मॉडेल नंबर अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत तपासून घ्या.

प्लेयर नेटवर्कवर जोडायचा, स्क्रिप्ट टाकलेला पेनड्राइव्ह त्याला लावायचा आणि कॉम्प्युटरवरून एसएसीडी एक्स्ट्रॅक्ट हा प्रोग्राम चालवायचा, एवढंच काम असतं. तरी कनेक्ट होत नसेल तर आधी तीन गोष्टी बघा. पेनड्राइव्ह फॅट३२ मधे फॉरमॅट केलाय का, प्लेयरमधे डिस्क आपोआप वाजणं बंद केलंय का, आणि राउटरनी प्लेयरचा आयपी नंबर बदललाय का. माझ्याकडे लाइट जाऊन आली की हा नंबर बदलायचा आणि मी तासभर केबल काढून घालत बसायचो, शेवटी राउटरमधे तो फिक्स करून टाकला.

दुसरी चूक, डिस्कवर दोन वेगळे भाग असतात, एक स्टीरिओ आणि एक मल्टिचॅनल. पर्याय न बघता चालवलं तर स्टीरिओच निघतो आणि मग मागचे स्पीकर का बोलत नाहीत म्हणून आपण रिसीव्हरला दोष देतो. मी आधी पूर्ण आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) काढून ठेवतो, त्यात दोन्ही भाग येतात, मग लागेल तसं वेगळं करायचं. डिस्कची ती लेयर ४.७ जीबीची, आणि सहा चॅनलचा एका तासाचा डीएसडी (एसएसीडीवरचा एका बिटचा आवाजाचा फॉरमॅट) उघडा ठेवला तर साधारण ७.६ जीबी होतो. म्हणून मल्टिचॅनल भाग डिस्कवर डीएसटी नावाच्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या, पद्धतीनी दाबलेला असतो. आयएसओपेक्षा त्यातून काढलेल्या डीएसएफ (उघड्या डीएसडीच्या) फाइल्स मोठ्या झाल्या तर घाबरू नका, ते बरोबरच आहे. छोट्या कॉम्प्युटर बोर्डला मात्र गाणं चालू असताना डीएसटी उलगडायला लावू नका, दम लागतो त्याला आणि गाणं अडखळतं.

ट्रॅकच्या मधे "टक्" असा आवाज

यावर जरा सविस्तर लिहितो कारण याचं उत्तर शोधायला मला फार वेळ लागला. सिम्फनी किंवा लाइव्ह कॉन्सर्ट असेल तर एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना मधे गॅप नसते, टाळ्या चालूच असतात, आणि नेमकं तिथे टक् वाजतं. डिस्कवरून ऐकलं तर वाजत नाही, फाइलमधून वाजतं. कारण असं की डीएसएफ फाइल प्रत्येक चॅनलला ४०९६ बाइटच्या ठोकळ्यांमधे लिहितात, आणि शेवटचा ठोकळा पूर्ण भरला नाही तर उरलेल्या जागेत शून्यं भरतात. पीसीएममधे शून्य म्हणजे शांतता, पण डीएसडी एका बिटचा सिग्नल आहे, त्यात सलग शून्यं म्हणजे सिग्नल एका टोकाला जाऊन आदळल्यासारखं होतं, शांतता हवी तर एक आणि शून्य सारख्या प्रमाणात लागतात. तोच तो टक्.

उपाय दोन. एक्स्ट्रॅक्ट करताना शून्यं न भरण्याचा पर्याय असतो तो लावा, म्हणजे पुढच्या ट्रॅकचा तुकडा नीट जोडला जातो. किंवा माझ्यासारखं करा, आयएसओमधून पूर्ण डिस्क एका सलग फ्लॅकमधे (पीसीएमची लॉसलेस फाइल) बदला आणि मग ट्रॅकच्या वेळांवर कापा.

फ्लॅक करताना ८८.२ किलोहर्ट्झ २४ बिट पुरतं, माझं ठाम मत आहे. १७६.४ केलं की फाइल फुगते आणि त्यात जास्तीचं जे येतं तो बहुतेक डीएसडीचा वरच्या फ्रीक्वेन्सीतला नॉइजच असतो. अजून एक, बऱ्याच प्रोग्राममधे आवाज ६ डीबी वाढवायचा पर्याय असतो, कारण एसएसीडीची शून्य लेव्हल पीसीएमच्या कमाल लेव्हलच्या ६ डीबी खाली धरलेली आहे. पण काही डिस्कचे पीक त्या शून्याच्या वर जातात, डोळे मिटून ६ वाढवले तर ड्रमचा ठोका फाटतो. आधी पीक मोजा, मग वाढवा, आणि पूर्ण अल्बमला एकच आकडा लावा.

डीव्हीडी-ऑडिओ आणि ब्लू-रे: चुकीचा ट्रॅक उचलणं

डीव्हीडी-ऑडिओमधे दोन फोल्डर असतात, ऑडिओ-टीएस आणि व्हिडिओ-टीएस. खरा माल पहिल्यात असतो, एमएलपी नावाचा लॉसलेस फॉरमॅट, सहा चॅनलला २४ बिट ९६ पर्यंत. दुसऱ्यात साध्या डीव्हीडी प्लेयरसाठी ठेवलेली डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसची लॉसी (काही माहिती कापलेली) प्रत असते. सिनेमा रिप करणारे नेहमीचे प्रोग्राम पहिल्या फोल्डरकडे बघतच नाहीत, दुसरा उचलतात. ओळखायची खूण सोपी आहे, बिटरेट ४४८ किलोबिट दिसला की समजा चुकीचा आलाय. नंतर त्याचं फ्लॅक केलं तरी गेलेलं परत येत नाही.

ब्लू-रेला मेकएमकेव्ही हा प्रोग्राम चांगलं काम करतो, पण त्यात टिकमार्क नीट बघून करा. एकाच डिस्कवर स्टीरिओ पीसीएम, ५.१ डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आणि कधी डॉल्बी ट्रूएचडी अ‍ॅटमॉस असे तीन तीन ट्रॅक असतात. डीटीएस-एचडीच्या आत एक लॉसी कोअर असतो, साधारण १५०९ किलोबिटचा, काही प्रोग्राम तेवढाच काढून देतात. आणि अ‍ॅटमॉसचं फ्लॅक करू नका! छतावरच्या स्पीकरची जी ऑब्जेक्टची माहिती असते ती फ्लॅकमधे बसतच नाही, हातात साधं ७.१ उरतं. अ‍ॅटमॉस ट्रॅक आहे तसाच एमकेव्ही किंवा एमकेए फाइलमधे ठेवा आणि प्लेयरमधे पासथ्रू (न उलगडता तसंच पुढे पाठवणं) चालू करून रिसीव्हरला उलगडू द्या.

रिप दोनदा करून दोन्हींचा हॅश (फाइलचा बोटाच्या ठशासारखा आकडा) जुळवायची सवय लावा. ऑडिओ सीडीला अ‍ॅक्युरेटरिपसारखी तपासणी आहे तशी इथे नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या हवेत, डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात जे सहज दिसत नाहीत. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा, मऊ मायक्रोफायबर कापडानी मधून कडेला सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका. अर्थात हे सगळं स्वतः विकत घेतलेल्या डिस्कबद्दल बोलतोय, आणि कॉपी लॉकबद्दलचे कायदे देशाप्रमाणे वेगळे आहेत तेही बघून घ्या.

आवाज येतो पण चुकीच्या कोपऱ्यातून

गायक उजवीकडून किंवा पाठीमागून गायला लागला तर चॅनलचा क्रम चुकलाय. फ्लॅकचा क्रम असा, पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, सबवूफरचा, मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या कामात डावा, मधला, उजवा असा क्रम पण चालतो आणि एएसीमधे मधला चॅनल सगळ्यात आधी येतो. सहा वेगळ्या मोनो फाइल्स जोडताना इथेच घोळ होतो. सत्तरच्या दशकातल्या क्वाड्राफोनिक रेकॉर्डिंगचे रिप चार चॅनलचे निघतात, काही प्लेयरना ते कुठे पाठवायचं ते कळत नाही, अशा वेळी मधला आणि सबवूफरचा चॅनल रिकामा जोडून ५.१ करून ठेवला की कटकट मिटते.

सहाचे दोन कुठे होतात

आता मुख्य मुद्दा. फाइल सहा चॅनलची आहे याची खात्री मीडियाइन्फो या प्रोग्राममधे करा, मग रिसीव्हरचा डिस्प्ले बघा. तिथे मल्टिचॅनल पीसीएम किंवा ५.१ दिसत नसेल तर मधे कुठेतरी चाळणी लागलीय.

कोडी हा प्लेयर वापरत असाल तर सिस्टिमच्या ऑडिओ सेटिंगमधे चॅनलची संख्या असते, ती मुळात २.० असते, तुमच्याकडे आहेत तेवढे स्पीकर निवडा. पासथ्रू चालू केलं म्हणजे हे आपोआप होतं असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये, पासथ्रू फक्त डॉल्बी आणि डीटीएसच्या ट्रॅकला लागू होतं, फ्लॅक प्लेयरमधेच उलगडून पीसीएम म्हणून जातं. विंडोजमधे साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनलमधे जाऊन एचडीएमआय डिव्हाइस निवडून कॉन्फिगरमधे ५.१ करा, आणि म्युझिक प्लेयरमधे वासापी एक्स्क्लूझिव्ह मोड लावा नाहीतर विंडोज सगळं स्वतःच्या ठरलेल्या सॅम्पल रेटला बदलून टाकतं.

ऑप्टिकल केबल असेल तर विषयच संपला, त्यातून पीसीएमचे दोनच चॅनल जातात, केबल कितीही महाग घ्या. टीव्हीच्या साध्या एआरसीचं (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत पाठवणं) पण तेच, पीसीएम दोन चॅनल. ईएआरसी, म्हणजे त्याचीच सुधारित आवृत्ती, ३७ मेगाबिटपर्यंत नेतं, त्यात मल्टिचॅनल बसतं, पण मधला टीव्ही काय करेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे टीव्ही बॉक्स थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला लावा आणि टीव्हीला रिसीव्हरमधून फक्त चित्र द्या. डीएलएनएनी (घरच्या नेटवर्कवरून) स्ट्रीम करत असाल तर सर्व्हरमधलं ट्रान्सकोडिंग (फॉरमॅट बदलणं) बंद आहे ना तेही बघा.

डीटीएस सीडीच्या रिपमधून नुसता फसफस आवाज येतो ना? ती फाइल खराब नाहीये, डिलीट करू नका. ती दिसायला १६ बिट ४४.१ स्टीरिओ पण आत ५.१ डीटीएस भरलेलं असतं, आणि एक बिट जरी बदलला तरी रिसीव्हरला ते ओळखता येत नाही. प्लेयरचा व्हॉल्यूम १०० टक्के, रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा करणारं सेटिंग) बंद, ४८ किलोहर्ट्झला बदलणं बंद. आणि हे सगळं करायच्या आधी अँपचा आवाज कमी ठेवा, त्या फसफशीनी ट्वीटर जळू शकतो.

नेटवर्क

२४/९६ चे सहा चॅनल म्हणजे न दाबलेले १३.८ मेगाबिट प्रति सेकंद, २४/१९२ असेल तर २७.६, आणि डीएसडी मल्टिचॅनल जवळपास १७. सीडी १.४ असते, त्यामुळे स्टीरिओ महिनोनमहिने नीट चालणारं वायफाय इथे गुडघे टेकतं. माझ्याकडे शेजारच्या खोलीत आईची मोबाइलवर मालिका सुरू झाली की इकडे गाणं तुटायचं. महागडा राउटर घ्यायच्या आधी केबल टाकून बघा. मी भिंतीच्या कडेनी १५ मीटर कॅट-६ टाकली, टीव्ही बॉक्सचं पोर्ट १०० मेगाबिटचंच आहे तरी त्यानंतर एकदाही तुटलं नाही. नॅसला (नेटवर्कवरच्या हार्ड डिस्कला) छोटा यूपीएस जरूर लावा, रिप लिहिला जात असताना लाइट गेली तर फाइल दिसते पूर्ण पण आत अर्धी असते. फ्लॅकमधे ऑडिओचा एमडी५ (एक हॅश) आत लिहिलेलाच असतो, अधूनमधून टेस्ट कमांड चालवली की खराब फाइल लगेच सापडते.

टॅगबद्दल एवढंच, स्टीरिओ आणि ५.१ दोन्ही ठेवत असाल तर अल्बमच्या नावातच ५.१ लिहा, नाहीतर लायब्ररी दोन्ही एकत्र करते आणि प्रत्येक गाणं दोनदा वाजतं. डीएफएफ या डीएसडीच्या दुसऱ्या फाइल फॉरमॅटमधे टॅगची नीट सोय नाही, डीएसएफ घ्या.

आणि एक टेस्ट फाइल स्वतः बनवा. माझी भाचीच्या आवाजात आहे. तिला फोनवर "पुढचा डावा", "पुढचा उजवा", "मधला", "मागचा डावा", "मागचा उजवा" असं एकेक बोलायला लावलं, सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा सूर घेतला कारण तिथे बोलणं ऐकू येत नाही, ऑडॅसिटीमधे सहा मोनो ट्रॅक एकामागून एक वाजतील असे ठेवले आणि एक्स्पोर्ट करताना कस्टम मॅपिंगनी सहा चॅनलचं फ्लॅक केलं. अपडेट आला, केबल बदलली, रिसीव्हर रीसेट झाला की आधी ती फाइल लावतो, आणि तिचा "मागचा डावा" ती बसली होती त्याच कोपऱ्यातून आला की मग डिस्क निवडतो.