हीट-श्रिंक स्लीव्हला जुना आकार कसा आठवतो? आधी घरी करून पाहा, मग जॉइंट मारा

मागच्या पावसाळ्यात दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्षबागेत मोटरच्या वायरचा जॉइंट दोनदा गेला. हीट-श्रिंक स्लीव्ह म्हणजे जॉइंटवर चढवून तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी. ती चांगली होती, वायरमनचा हातही चांगला होता. फक्त स्लीव्ह मापाने मोठी होती आणि ‘अजून तापव, बसेल’ म्हणत ती गरम हवेच्या गनखाली धरून ठेवली होती. ती बसणारच नव्हती. का, ते एकदा नीट कळलं की ही चूक पुन्हा होत नाही. मी नाशिकच्या अंबडला पॅनल वायरिंगचं काम करतो आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी पुढचा प्रयोग करायला लावतो.

10 मि.मी.ची साधी काळी पॉलिओलेफिन स्लीव्ह घ्या, 2:1 वाली, म्हणजे आवळून निम्म्या मापावर येणारी. सोबत रिकाम्या दुधाच्या पिशवीची एक पट्टी, हॉट एअर गन, नोज प्लायर, चिमटा आणि गार पाण्याची वाटी. खिडक्या उघड्या ठेवा.

पहिलं काम, स्लीव्हचा बोटभर तुकडा चिमट्याने उकळत्या पाण्यात मिनिटभर धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. तुकडा आवळतो, पण अर्धवट. आता त्याच्यावर गन धरा. तो आणखी आवळतो आणि 5 मि.मी.च्या आसपास येऊन थांबतो. पुढे कितीही तापवा, फरक पडत नाही.

आता आत काय झालं ते पाहू. स्लीव्हचं पॉलिओलेफिन हे मुख्यतः पॉलिथिलीन, म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, पातेल्यातल्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. थंड असताना त्यांचे काही भाग शेजारीशेजारी घड्या घालून घट्ट बसतात, मेथीची जुडी बांधावी तसे. हे बारीक स्फटिक. कारखान्यात आधी अरुंद नळी बनते आणि तिच्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. त्याने साखळ्यांवरचे काही हायड्रोजन अणू सुटतात आणि शेजारच्या दोन साखळ्यांचे मोकळे कार्बन एकमेकांना कायमचे धरतात. जाळ्याला गाठी बसाव्यात तसं. किरणांच्या माऱ्यानंतर पॉलिथिलीन तापवूनही वितळून वाहत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर चार्ल्सबी यांनी ब्रिटनमध्ये 1950च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. आजची स्लीव्ह त्याच शोधावर उभी आहे.

मग ती नळी तापवतात. जुड्या सुटतात, गाठी मात्र तशाच राहतात. त्या मऊ अवस्थेत तिला फुगवून रुंद करतात आणि ताणलेली असतानाच गार करतात. नव्या जुड्या बांधल्या जातात आणि ताण आत अडकून पडतो. दुकानातून आपण आणतो ती ही कुलूप लावलेली, ताणलेली नळी.

म्हणजे गनची उष्णता स्लीव्हला आत ढकलत नाही, ती फक्त कुलूप उघडते. ताणून सरळ झालेल्या साखळीला राहण्याचे प्रकार मोजके, गुंडाळलेलीला अगणित. उष्णतेने सतत थरथरणारी साखळी मोकळी होताच गुंडाळते, आणि तिने किती मागे यायचं ते गाठी ठरवतात. उकळत्या पाण्यात काम अर्धवट का राहिलं, तेही इथेच कळतं: पातळ, लहान जुड्या आधी सुटतात, जाड जुड्यांना 110-120 अंश लागतात.

दुधाच्या पिशवीची पट्टी गनखाली धरा. ती सुरकुतते आणि वितळून गोळा होते. पॉलिथिलीन तेही, पण त्याला गाठी नाहीत. स्लीव्ह तेवढ्याच उष्णतेत रबरासारखी मऊ होते आणि आकार धरून राहते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आवळलेल्या तुकड्यात नोज प्लायरची मिटलेली टोकं घाला, गनने मऊ होईपर्यंत तापवा, प्लायर उघडून तुकडा फाकवा आणि तसाच धरून वाटीत बुडवा. दहा-पंधरा सेकंदांनी प्लायर काढा. तुकडा फाकलेलाच राहतो. कारखान्यात होतं ते तुमच्या हातात झालं. पुन्हा गन धरा, तो डोळ्यांदेखत जुन्या मापावर परततो. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक पोरगा हे दोनदा करून बघतो.

खऱ्या जॉइंटला वीज बंद करून हात घाला. स्लीव्हचं आवळल्यानंतरचं माप जॉइंटच्या जाडीपेक्षा कमीच हवं. 10ची 2:1 स्लीव्ह 5च्या खाली जात नाही, म्हणून 4 मि.मी.च्या जॉइंटवर ती सैलच राहणार. बागेत तेच झालं होतं. लांबीतही ती थोडी कमी होते, म्हणून दोन्ही बाजूंना बोटभर जास्त कापा. वायर जोडण्याआधीच ओवून लांब सरकवून ठेवा, नाहीतर सोल्डरच्या उष्णतेने ती तिथेच आवळेल.

मातीत, ओलीत जाणाऱ्या जॉइंटला आतून गोंद असलेली 3:1 स्लीव्हच वापरा. गन मधून सुरू करून कडांकडे न्या, म्हणजे हवा बाहेर निघते. एका जागी थांबू नका, वायर फिरवत राहा. दोन्ही कडांना गोंदाची बारीक रेघ गोल बाहेर आली की गन बंद करा, आणि आतल्या जुड्या पुन्हा बांधल्या जाऊन स्लीव्ह हाताला गार लागेपर्यंत वायर हलवू नका.