ढगात भाव असला की जॉब लावायचा

बेळगावच्या उद्यमबागेत माझं लेथचं वर्कशॉप आहे. साडेतीनला शेअर बाजार बंद झाला की चहा सांगतो आणि मोबाईलवर शेअरच्या भावाचा डेली चार्ट उघडतो. पाच मिनिटांचा चार्ट बघत बसलं की हातातलं माप चुकतं. लेथवर लावलेला एक आख्खा जॉब स्क्रॅपमध्ये घालवून हे शिकलोय.

चार्टवरच्या इंडिकेटरमध्ये, म्हणजे भावाचा कल दाखवणाऱ्या रेघांमध्ये, इचिमोकू निवडा. गोइची होसोदा या जपानी पत्रकाराची ही पद्धत. 9, 26, 52 हे आकडे तसेच ठेवा. त्या काळी जपानात शनिवारीही बाजार भरायचा, त्यावरून हे आकडे आले म्हणतात. आपल्याकडे पाचच दिवस, म्हणून काहीजण बदलतात. मी बदलत नाही.

रेघा पाच, पण हिशेब सोपा. व्हर्नियरवर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान माप घेऊन मधला आकडा काढतो, तसंच. समजा 9 दिवसांत भाव वर 540 आणि खाली 500 गेला, तर तेनकान नावाची रेघ 520 वर. 26 दिवसांत वर 540, खाली 470, तर किजुन ही रेघ 505 वर. या दोघांचा मध्य 512.50, ही ढगाची एक कड. 52 दिवसांत वर 540, खाली 430, मध्य 485, ही दुसरी. या दोन कडांमधला रंगवलेला पट्टा म्हणजे ढग. दोन्ही कडा 26 दिवस पुढे सरकवून काढतात. म्हणून पुढे दिसणारा ढग हे काही भाकीत नव्हे, मागचाच हिशेब पुढे ढकललेला.

भाव ढगाच्या वर असेल तर कल तेजीचा, खाली असेल तर मंदीचा. तेनकान किजुनला खालून वर कापते तेही ढगाच्या वर झालं तरच मी मानतो. शेवटची रेघ चिकू: आजचा बंद भाव 26 दिवस मागे काढलेला. तो तिथल्या भावाच्या वर आहे का, एवढं बघायचं.

आणि भाव ढगातच असेल तर? मी तिथंच घेतला होता एकदा शेअर, दीड महिना वर-खाली हेलकावे खात शेवटी तोट्यात विकला. आता भाचा विचारतो, ‘‘मामा, घेऊ काय?’’

‘‘ढगात हाय न्हवं? मग जॉब लाव.’’ म्हणजे शेअर सोड, लेथवर कामाला लाग.

घेतलाच तर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, किजुनच्या जरा खाली ठेवतो. ढग जाड असेल तर ढगाच्या खालच्या कडेखाली, पण मग शेअर कमी घेतो.