ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग जोडताना या चुका टाळा

रात्री ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा आणि सकाळी तोच भाग फळ्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा, ही या पद्धतीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. ज्यांनी व्हिडिओ पाहिला ती मुलं कंटाळतात. ज्यांनी पाहिला नाही त्यांना कळतं की नाही पाहिला तरी चालतं. दोन-तीन आठवड्यांत पाहणारे कमी होतात आणि शिक्षक खोलीत बोललं जातं, "आमचे पालकच लक्ष देत नाहीत." पालकांना बोल लावण्याआधी आपलं नियोजन तपासावं. घरी जे होईल ते वर्गात पुन्हा होणार नाही, आणि वर्गातली सुरुवात घरच्या कामावाचून होणार नाही, एवढं पक्कं ठरलं की निम्म्या अडचणी उरतच नाहीत.

घरचं काम वर्गात कुठे लागणार ते आधी ठरवा

पाचवी-सहावीतली विषम छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज घ्या. घरच्या व्हिडिओत बेरीज दाखवूच नका. चार मिनिटांत फक्त सममूल्य अपूर्णांक दाखवा: एका भाकरीचे दोन भाग, मग त्याच भाकरीचे सहा, म्हणजे १/२ आणि ३/६ सारखेच. शेवटी एकच प्रश्न: "१/२ आणि १/३ या दोघांचे छेद ६ करून वहीत लिहा." उत्तर वहीतच हवं. फोटो मागवू नका. अंधुक आणि आडवे-उभे चाळीस फोटो कोणी नीट तपासत नाही, फोनची जागा मात्र भरते.

सकाळी पहिल्या पाच मिनिटांत वह्यांचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात ३/६ आणि २/६ लिहिलेल्या वह्या. दुसऱ्यात १/६ आणि १/६ लिहिलेल्या. या मुलांनी छेद बदलला, अंश तसाच ठेवला. तिसऱ्यात कोऱ्या. पहिल्या गटाला थेट बेरजेची शाब्दिक उदाहरणं द्या. तिसऱ्या गटाला शाळेच्या टॅबवर तोच व्हिडिओ दाखवा आणि प्रश्न तिथेच सोडवून घ्या, रागावू नका. शिक्षकाने बसायचं ते दुसऱ्या गटाजवळ, कारण चुकीची समजूत पडद्याने दुरुस्त होत नाही.

त्या मुलांच्या हातात २४ सेंटिमीटरची कागदी पट्टी द्या आणि ४-४ सेंटिमीटरवर खुणा करून सहा भाग पाडायला सांगा. अर्धी पट्टी १२ सेंटिमीटर, म्हणजे तीन भाग. एक तृतीयांश ८ सेंटिमीटर, म्हणजे दोन भाग. एकापुढे एक ठेवले की पाच भाग दिसतात, ५/६. जे मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून वहीत २/५ लिहिणार होतं ते इथे स्वतःच थांबतं, कारण अर्ध्यापेक्षाही कमी उत्तर त्याच्या डोळ्यांना पटत नाही.

"स्मार्टफोन आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे

शाळेच्या सर्वेक्षणात बहुतेक घरं "हो" म्हणतात. विचारायला हवं ते वेगळंच: फोन कोणाचा, संध्याकाळी किती वाजता मुलाच्या हाती येतो, किती भावंडांत वाटला जातो, रिचार्ज संपलं तर किती दिवस बंद राहतो. वडील रात्री आठला घरी येत असतील आणि घरात तीन शिकणारी मुलं असतील, तर "आज पाहून उद्या या" हे जमणारच नाही. दोन संध्याकाळी द्या. सोमवारी पाठवलेलं बुधवारी वर्गात वापरा.

व्हिडिओ पाच मिनिटांच्या आत ठेवा आणि ३६० पी दर्जात पाठवा. त्या दर्जाला मिनिटाला साधारण चार-पाच एमबी डेटा लागतो, १०८० पी ला त्याच्या कितीतरी पट. फळ्यावरचे आकडे वाचता येण्यासाठी खडूचं अक्षर मोठं काढा, मग उंच दर्जाची गरज पडत नाही. कोरोनाकाळात शाळा पूर्ण बंद असतानाही, ऑनलाइन शिक्षणासाठीच्या जुलै २०२० च्या केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं सुचवली होती. आता मूल पाच-सहा तास शाळेत बसून येतं. घरच्या पडद्यासाठी १० मिनिटं पुरेत. प्रत्येक वेळी स्वतः चित्रीकरण करायचीही गरज नाही. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपवरचं साहित्य उघडतं, पण ते पूर्ण पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.

गटांची फेरी ४० मिनिटांत बसत नाही

तीन ठिकाणं मांडायची (टॅब, वही, शिक्षक) आणि गट फिरवायचे, ही रचना उत्तम आहे. पण एका तासिकेत दोनच फेऱ्या होतात आणि तिसरा गट दर वेळी राहतो. त्यामुळे जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका घ्या. २०-२० मिनिटांच्या तीन फेऱ्या, बदलायला दोनदा तीन मिनिटं, अशी ६६ मिनिटं जातात. ८० पैकी उरलेली १४ सुरुवातीला आणि शेवटी वाटून घ्या. ३६ मुलं असतील तर १२ चा गट आणि सहा टॅब, एका टॅबवर दोघं. तिसरं मूल आलं की ते फक्त बघ्या होतं.

इथे हमखास फसतो तो शिक्षकच. टॅब अडकतात, मुलं हाका मारतात, आणि शिक्षक सगळा वेळ टॅबपाशी उभे राहतात. प्रत्येक गटातली दोन मुलं आधी तयार करा: चालू-बंद, आवाज, अॅप पुन्हा उघडणं. साहित्य आदल्या दिवशी डाउनलोड करून टॅब एअरप्लेन मोडवर ठेवा. वीज गेली की वायफाय जातं, डाउनलोड केलेलं चालतं. चार्जिंगही आदल्या दुपारीच करा, सकाळच्या विजेवर विसंबू नका. सहा टॅबचा आवाज एकात एक मिसळला तर कोणालाच काही कळत नाही, म्हणून प्रत्येक टॅबला दोन इअरफोन लागतील अशी जोडणी-वायर (स्प्लिटर) द्या. आणि गट वर्षभरासाठी "हुशार, मध्यम, कच्ची" असे गोठवू नका. वह्यांचे गठ्ठे दर वेळी बदलतात, तसे गटही बदलू द्या.

गुगल फॉर्मने बरोबर उत्तर चूक ठरवलं

लघुत्तराचा प्रश्न आपोआप तपासताना फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो. तुम्ही उत्तर इंग्रजी अंकांत भरलं आणि मुलाने देवनागरीत १२ लिहिलं, तर शून्य गुण. 'पाणी' आणि 'पाणि' याचंही तेच. बरोबर उत्तरांच्या यादीत दोन्ही रूपं भरा, नाहीतर बहुपर्यायी प्रश्नच द्या. 'एकच प्रतिसाद' ही मर्यादा लावली की गुगल खातं लागतं. मग त्याच फोनवरून शेजारच्या मुलाला चाचणी देता येत नाही. ती मर्यादा काढा आणि पहिला प्रश्न नाव व हजेरी क्रमांकाचा ठेवा.

घरी भरलेल्या फॉर्मचे गुण प्रगतिपुस्तकात घेऊ नका, त्यात दादा-ताईचा हात असतो. त्यातला सगळ्यात जास्त चुकलेला प्रश्न शोधा आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर घ्या. गुणांची यादी ग्रुपवर टाकणं तर कटाक्षाने टाळा. सगळ्यात कमी गुण कोणाचे हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळतं आणि पुढच्या वेळी ते मूल फॉर्म उघडतच नाही.

व्हिडिओवरच्या निळ्या खुणाही मोजू नका. फोन पालकांनी उघडला तरी त्या दिसतात. मोजायची ती कोरी वही. एकाच मुलाची वही सलग तीन वेळा कोरी आली, तर ग्रुपवर आठवण न टाकता घरी फोन करा आणि फोन मुलाच्या हाती कधी येतो एवढंच विचारा. वेळच मिळत नसेल, तर त्या मुलासाठी परिपाठाआधीची १० मिनिटं आणि शाळेचा एक टॅब कायमचा राखून ठेवा.