सोसायटीच्या गणपतीत 'आय कान्ट स्टँड इट' बसवायचंय? मग हे वाचाच

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधे गणपतीचे कल्चरल प्रोग्राम ठरायला लागले की "यंदा नव्वदचं काहीतरी करूया" असं कोणीतरी म्हणतंच आणि मग फिरून फिरून तीच हिंदी गाणी येतात. यावेळी माझं ऐका, ट्वेंटी फोर सेव्हन या डच ग्रुपचं आय कान्ट स्टँड इट घ्या. ज्यांची आता पोरं कॉलेजला आहेत त्यांच्यासाठी तर हे परफेक्ट गाणं आहे, कारण यात लवचिकता कमी लागते आणि ठेका पकडणं जास्त लागतं.

आधी गाणं नीट समजून घ्या. हे हिप-हाउस आहे, म्हणजे हाउस या क्लबमधल्या डान्स म्युझिकच्या सरळसोट चार ठोक्यांवर रॅप. १९८८-८९ च्या सुमारास शिकागोत फास्ट एडी, टायरी कूपर ही मंडळी हे करत होती, मग युरोपात बेल्जियमच्या टेक्नोट्रॉनिकचं पंप अप द जॅम १९८९ ला तुफान चाललं आणि त्याच लाटेत हे डच गाणं आलं. प्रोड्युसर रूड व्हान रायेन. आता इथे लक्ष द्या, या गाण्याची दोन मुख्य व्हर्जन्स आहेत, १९८९ चं एमसी फिक्स इट या रॅपरचं आणि १९९० चं कॅप्टन हॉलीवूडचं. ब्रिटनच्या चार्टमधे ७ नंबरपर्यंत गेलं ते १९९० चं. शिवाय लांबलचक क्लब मिक्स वेगळे. त्यामुळे "यूट्यूबवरून ऐका आणि घरी प्रॅक्टिस करा" असं ग्रुपवर चुकूनही टाकू नका, एक जण एक व्हर्जन ऐकेल, दुसरा दुसरं, आणि रविवारी सगळे वेगवेगळ्या जागी वळतील. एकच फाइल ठरवा, तीच सगळ्यांना पाठवा. मी १९९० चंच घ्या म्हणेन, कॅप्टन हॉलीवूड स्वतः मुळात डान्सर आणि त्याच्या रॅपवर अंग आपोआप हलतं, वर ग्रुपची गायिका नान्स, तिचा आवाज आला की मूड एकदम बदलतो, म्हणजे तुम्हाला फॉर्मेशन बदलायची जागा गाण्यातच तयार मिळते.

मग हिशोब करा. फोनवर स्टॉपवॉच लावून १५ सेकंदात किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा, तो तुमचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. हिप-हाउस साधारण १२० च्या आसपास असतं. १२० धरला तर आठचा एक काउंट ४ सेकंदात होतो, तीन मिनिटांच्या परफॉर्मन्सला ४५ आठ लागतात. ऐकायला खूप वाटतं पण ४५ वेगळ्या स्टेप्स नकोयत हो, सहा-सात स्टेप्स पुरतात, त्याच फिरवून वापरायच्या. एका कागदावर गाणं लिहून काढा, कुठे इंट्रो, कुठे रॅप, कुठे गाणं, कुठे नुसतं म्युझिक, आणि प्रत्येकासमोर किती आठ ते लिहा. या म्युझिकमधे बहुतेक बदल दर चार किंवा आठ 'आठां'नंतर होतात, एकदा ते कानात बसलं की कोरिओग्राफी अर्धी झाली समजा.

गाणं कापायचं असेल तर ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात झूम करून किकचा, म्हणजे ड्रमच्या जड ठोक्याचा, उंच डोंगर दिसेल त्याच्या अगदी अलीकडे कापा आणि जोड नेहमी "एक" वरच, म्हणजे आठमधल्या पहिल्या ठोक्यावरच द्या. मधेच कापलं तर बघणाऱ्याला कळणार नाही काय चुकलं पण नाचणाऱ्याचा पाय अडकतोच.

आता मुख्य गोष्ट, जी सगळे सोडून देतात. स्टेप शिकवायच्या आधी बाउन्स शिकवा. बॉलीवूडमधे आपल्याला ठोक्यावर वर उडायची सवय असते, इथे प्रत्येक ठोक्याला गुडघ्यातून खाली जायचंय. शाळेत लेझीम खेळलेल्यांना हे पटकन जमतं, तिथेही तालावर खाली बसणं असतंच. पहिले दोन दिवस हात बांधून नुसता बाउन्स करून घ्या, कंटाळा करतील, तरी करून घ्या.

नंतर रनिंग मॅन, या काळाची खरी ओळख. उजवा गुडघा वर उचला, डावा पाय जमिनीवर. उजवा पाय खाली ठेवताठेवताच डावा मागे घसरवा, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी आणि तो क्षण बरोब्बर ठोक्यावर. मग डावा गुडघा वर. चूक एकच होते, लोक आधी पाय ठेवतात आणि मग दुसरा मागे नेतात, त्याने जागच्या जागी चालल्यासारखं दिसतं. भिंतीला हात लावून अर्ध्या स्पीडने करा, मागचा पाय चवड्यावर घसरतोय का बघा. सोबत कॅबेज पॅच ठेवा, दोन्ही मुठी जवळ धरून छातीसमोर आडवा गोल फिरवायचा, गुडघेदुखीवाल्यांना हीच स्टेप द्या आणि त्यांना मधे उभं करा, मागे लपवू नका.

रॅपला पायांचं काम, तीन-तीनच्या गटात, आणि नान्स गायला लागली की सगळे एका ओळीत येऊन हातांचं मोठं काम. एवढी एक आयडिया पाळली तरी डान्स बसवलेला दिसतो.

प्रॅक्टिस पोडियमवर करणार असाल तर पेव्हर ब्लॉकवर रनिंग मॅन नको, पाय घसरतच नाही आणि गुडघ्यावर सगळा ताण येतो. क्लब हाउसची टाइल्स बरी, पण पावसाळ्यात ओली असते, पुसून घ्या. सपाट तळाचे जुने स्पोर्ट्स शूज बेस्ट. ठाणे स्टेशनवरून लोक घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात त्यामुळे प्रॅक्टिस उशिराच होणार, तेव्हा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर भागवा, रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंदच ठेवायचा असतो. आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे हे साउंडवाल्याला पण आधीच सांगा.

साउंड चेकला एकच बघा, किक स्टेजवर ऐकू येतेय का. सगळे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले असतात आणि नाचणाऱ्यांना नुसता घुमणारा आवाज मिळतो, एक छोटा मॉनिटर, म्हणजे नाचणाऱ्यांसाठीचा स्पीकर, स्टेजकडे वळवून मागा. फाइल पेनड्राइव्हमधे आणि फोनमधे दोन्हीकडे ठेवा, फोन फ्लाइट मोडवर. आणि अनाउन्सरला सांगून ठेवा की म्युझिक सुरू झाल्यावर बोलायचं नाही, इंट्रोचे पहिले आठ ऐकू आले नाहीत तर एंट्रीच चुकते.